धुराची पत

फार पूर्वी, पक्षी माणसांशी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत नसत त्या काळी, डोंगरांच्या कुशीत एक गाव होते. गावाला रान होते, रानाखाली झरा होता आणि गावकऱ्यांना मानाची भारी हौस होती. इथे घराची पत धुरावरून ठरे. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी वरच्या खिंडीत उभे राहत आणि छपरांकडे पाहत. ज्या छपरावर धूर नाही, त्या घरी मुलगी द्यायची नाही, असा रिवाज होता. त्यामुळे चुलीवर काही असो वा नसो, लाकडे दिवसरात्र जळत.

येसू याच गावातली. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा म्हाळू लग्नाचा झालेला. ती लग्न होऊन आली तेव्हा रान परसाला लागून होते. आता मोळीसाठी डोंगर ओलांडावा लागे. बोडक्या डोंगरावरून ऊन थेट घरात उतरे, भिंती तापत, आणि झऱ्याची धार करंगळीएवढी उरली होती.

एकदा येसू धारेखाली घागर लावून बसली होती. घागर काही भरेना. शेजारच्या दगडावर टिटवी येऊन बसली.

"बाई, तुमच्या रिकाम्या चुलींवर रोज काय शिजतं गं?" टिटवीने विचारले.

येसू हसली. "काय शिजणार? मान शिजतो."

"त्या मानापायी माझा झरा चाललाय. झाडं जाळलीत, सावली गेली. सावलीवाचून पाणी थांबत नाही, बाई."

त्या दिवशी येसूला जेवण गोड लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या झाल्या की ती चूल विझवू लागली. लाकूड कमी लागावे म्हणून मडक्यावर झाकण ठेवू लागली. उभ्या झाडाला हात न लावता पडलेल्या काटक्या वेचू लागली. परसात तिने जांभळाची रोपे लावली आणि खरकटे पाणी त्यांना घातले.

गावाला आयताच विषय मिळाला. पाटलीणबाई म्हणाली, "येसू, घरात सुतक आहे का गं? तुझ्या एका चुलीनं डोंगर हिरवा व्हायचा होय?"

"तो बोडका झाला त्यात माझ्याही चुलीचा वाटा आहे ना," येसू म्हणाली.

शेजारच्या भागीला हे पटले. दोघी एकाच चुलीवर भाकऱ्या भाजू लागल्या. त्यांचे पाहून आणखी काही घरांनी चुली आवरल्या. त्या उन्हाळ्यात झऱ्याची धार बारीक झाली, पण तुटली नाही. येसूचा जीव भांड्यात पडला.

मग म्हाळूसाठी स्थळ आले.

"आई, उद्या पाहुणे खिंडीत उभे राहतील," म्हाळू म्हणाला. "एक दिवस पेटव चूल. एका दिवसानं काय होतंय?"

बोलणे पाटलीणबाईसारखेच होते, पण तोंड पोटच्या पोराचे होते. येसूने सकाळी चूल पेटवली. धूर दाट दिसावा म्हणून ओला पाला हवा होता. तिने परसातली जांभळाची रोपे उपटली आणि चुलीत घातली.

पाहुणे खूश झाले, सुपारी फुटली. पण तो धूर भागीनेही पाहिला. तिच्याही घरात लग्नाचा मुलगा होता. "येसूनंच पेटवली, मग मी कशाला कमीपणा घेऊ?" असे म्हणत तिने फुंकणी उचलली. दिवस मावळेपर्यंत गावात एकही छप्पर धुरावाचून नव्हते.

एका दिवसासाठी पेटलेली ती चूल पुढे लग्नासाठी पेटत राहिली, मग नव्या सुनेच्या मानासाठी. उद्या विझवू, असे येसू रोज म्हणे आणि आणखी एक लाकूड आत सारी.

पुढच्या उन्हाळ्यात सून रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली. ती पोटुशी होती. "आत्याबाई, झऱ्याला थेंब नाही. पाणी कुठनं आणू?"

येसू धावत गेली. दगड कोरडा होता, टिटवी केव्हाच निघून गेली होती. तिने टिटवीला हाका मारल्या, तिथेच बसून ऊर फुटेस्तोवर रडली. रडून झरा परत येत नाही.

गाव उठले. बायका, म्हातारी माणसे, लेकरे सगळी डोक्यावर बोचकी घेऊन निघाली. सून दर थोड्या वेळाने खाली बसे. खिंडीत, जिथे पाहुणे थांबत तिथेच, येसू वळून उभी राहिली. एकाही छपरावर धूर नव्हता. सगळ्यांची पत आता सारखीच झाली होती.

पाटलीणबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "येसू, तेव्हा आम्ही तुझं ऐकलं असतं तर गं?"

"मीच माझं ऐकलं नाही, बाई," येसू म्हणाली, आणि सुनेचा हात धरून पलीकडे उतरू लागली. पलीकडचे डोंगरही बोडकेच होते.

म्हणून लहानथोरांनी एवढे ध्यानात ठेवावे: एक चूल विझवून रान वाचेलच असे नाही, पण 'माझ्या एका चुलीने काय होते' असे घरोघरी म्हटले, की ते जळतेच.