अंड्याची मुलाखत

नकाशात सापडणार नाही, पण फार लांबही नाही, असं एक जंगल होतं. तिथल्या कडुलिंबावर भागूताई कावळीण आपल्या घरट्यातच बालवाडी चालवायची. कुणाचंही पिल्लू यायचं. फी नव्हती, खाऊ होता. अभ्यासक्रम एवढाच: साप दिसला की आधी ओरडायचं, मग उडायचं.

निवडणूक जवळ आली तशी सिंहमहाराजांना बालकांची आठवण झाली. त्यांनी बालधोरण समिती नेमली. अध्यक्ष कोकिळाबाई, ‘कुहूकुहू ग्लोबल अंकुरशाळे’च्या मालकीण. जंगलभर त्यांच्या शाखा. बाईंनी स्वतःचं एकही पिल्लू वाढवलेलं नसल्यामुळे या विषयाकडे त्यांना तटस्थपणे बघता येत होतं.

“महाराज, अंडं फुटल्यावर शिकवायला घेणं म्हणजे फारच उशीर!” कोकिळाबाई दरबारात म्हणाल्या. आवाज इतका गोड, की अर्थाकडे कुणी लक्षच दिलं नाही.

“अंड्या-अंड्याला न्याय!” दरबारातले पोपट ओरडले.

महाराज दचकून जागे झाले आणि म्हणाले, “मंजूर!”

कायदा झाला. अंकुरशाळेत प्रवेश मिळाल्याशिवाय कोणतंही अंडं फुटणार नाही.

टिटवी आपलं अंडं लोटत लोटत मुलाखतीला घेऊन गेली.

“बाळ, नाव काय तुझं?”

अंडं गप्प.

“आत्मविश्वास कमी आहे,” कोकिळाबाई म्हणाल्या. “जादा वर्ग लावा.”

“अहो बाई, फुटायला आलंय ते!”

“थांबवा त्याला.”

मागून हत्तीण म्हणाली, “पण आम्ही अंडी घालतच नाही.”

“तुमच्यासाठी ब्रिज कोर्स आहे.”

मग भागूताईला नोटीस आली. बालवाडीला पोहण्याचा तलाव नाही, सबब बंद करावी.

“तलाव? झाडावर?”

“दर्जा म्हणतात तो हाच, ताई,” नोटीस घेऊन आलेल्या कोकिळाबाई म्हणाल्या.

“आणि पोरांना साप कोण शिकवणार?”

“विषय नकारात्मक आहे. शिवाय आमच्या सगळ्या शाखांची सुरक्षा सापांकडेच आहे. अंड्यांची त्यांना फार आवड.”

घरट्याला सील लागलं. दुसऱ्याच पहाटे कोकिळाबाई धापा टाकत कडुलिंबावर हजर.

“भागूताई, ते सील काढा आधी! मला अंडं घालायचंय!”

“आता गं बया! मग घाला की तुमच्या शाळेत. एवढ्या शाखा आहेत.”

“तिथे?” कोकिळाबाई किंचाळल्या. “अहो, तिथे साप आहेत!”

दुपारपर्यंत कायद्यात दुरुस्ती झाली, घरट्याचं सील निघालं. पोपटांनी त्याचंही स्वागत केलं.

टिटवीचं अंडं मुलाखतीची वाट न बघता फुटलं. ते बेकायदा पिल्लू कडुलिंबाखाली उभं राहून वरचा धडा ऐकतं. म्हणून भागूताई हल्ली जरा जास्तच मोठ्याने ओरडते.

तिची बालवाडी ही आता जंगलातली एकमेव मोफत बालवाडी आहे. दर्जा उत्तम. प्रवेश फक्त धोरण ठरवणाऱ्यांच्या मुलांना.