एकच पाठ

"पाठीवरचो डाग खंय गेलो?"

भिकाजीआबांनी लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून विचारलं. सावंतवाडीकडे कुणाला गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ शिकायचा झाला, तर लोक आबांचंच घर दाखवत. पुण्याहून आलेला निनादही त्यांच्याकडेच शिकत होता, आणि आज तर स्वारी हवेत होती. आबांच्या जुन्या संचातली ती गोल रंगीत पानं त्यानं एकेक करून स्कॅन केली होती, ऑनलाइन पटावर चढवली होती. आबांचे जन्माचे दोस्त गफूरभाई आता बेळगावला लेकीकडे राहत. मोडलेला डाव आज पुन्हा बसणार होता.

"कुठला डाग, आबा?"

"रामाच्या राजाच्या पानाचो. गफूरच्या बिडयेची ठिणगी पडलली."

"अहो, तो काढला! सगळ्या पानांना एकच पाठ दिली. नाहीतर समोरच्याला पालथं पान ओळखू येतं की. खोट होती ती."

आबांनी पडद्यावरच्या पानावरून बोट फिरवलं.

"मी चाचणीही घेतलीय," निनाद म्हणाला. "तिन्हीकडून स्वतःच खेळून."

"तिनीकडसून तूच?"

"हो."

"बरा."

गफूरभाई पडद्यावर आले. तिसरा हात निनादचा. पानं वाटली गेली. गफूरभाई बोळकं पसरून हसत होते, लेकीला हाका मारून आबांचं तोंड दाखवत होते. मग समोरच्या पालथ्या पानांवरून त्यांची नजर फिरली आणि हसू हळूहळू मावळलं.

"भिक्या, पानां नवी?"

"नाय रे. तीच."

"मगे डाग?"

"पुसलो..."

इथं निनादनं तोंड उघडायला हवं होतं. मी पुसला, एवढंच तर म्हणायचं होतं. पण शहाण्याची जीभ नको तिथं चालते आणि हवी तिथं टाळूला चिकटते. आबांनीही त्याचं नाव घेतलं नाही.

"इतक्या वर्सांनी?" गफूरभाईंचा आवाज चिरकला. "भिक्या, तुका माझो संशय इलो?"

पडदा काळा झाला. आबांनी फोन लावला. पलीकडे नुसताच वाजत राहिला.

"पण आबा," निनादनं चाचरत विचारलं, "पान ओळखू येत होतं, तर तुम्ही दोघं खेळत कसे होता?"

आबांनी सांगितलं. रामाचा राजा आबांच्या हातात आला, की गफूरभाई मान वळवून अंगणातल्या माडाकडे बघत बसायचे. गफूरभाईंच्या हातात गेला, की नेमका आबांचा चष्मा पुसायला निघायचा.

"हे तुमचं ठरलं होतं?"

"असला ठरवतत काय रे?"

निनादला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मी डाग परत घालतो, आबा. हुबेहूब तसाच. आत्ता, लगेच. गफूरभाईंना सांगतो, चूक माझी होती."

आबांनी डबीतून खरा राजा काढला आणि त्याच्यासमोर पालथा ठेवला. काळा ठिपका तिथंच होता.

आबांनी पान उचललं, डबीत ठेवलं, झाकण लावलं.

"डाग तू घालशीत रे, बाबा... मान कोण वळयतलो?"