बाजूनं दिसत न्हाई

“मग माझं कुणी ऐकत का न्हाई, मामा?”

धुळाने अजून पायातली चप्पलही काढली नव्हती.

हणबरमामा ओट्यावर मांडी घालून बसले होते. समोर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकवलेला मोबाईल आणि मोबाईलमधल्या खेळात एक बस. बस स्टँडात शिरत होती. शिरता शिरता ती फाटकाच्या खांबाला घासली.

“खर्रर्र…” मामांनी तोंडानेच आवाज काढला. मग चष्म्यावरून वर पाहिलं. “आलास व्हय? टेक. काय म्हणत हुतास?”

“पोरं तुमचं ऐकत्यात. माझं ऐकत न्हाईत. का?”

“कशावरनं?”

“चार महिन्यांत नऊजण ग्रुप सोडून गेले.”

“माझ्यामुळं?”

धुळा चप्पल काढत राहिला. एका चपलेला इतका वेळ लागत नाही.

“माझ्यामुळं,” तो म्हणाला.

ग्रुपचं नाव होतं माणदेश आगार. मोबाईलवर बस चालवायचा खेळ. ज्याची त्याची बस, ज्याचा त्याचा माईक, आणि रोज पाचच्या ठोक्याला सगळ्यांनी एकामागोमाग घाट उतरायचा. धुळाच्या थोरल्या भावाने, बिरूने, हे आगार उघडलं होतं. चार महिन्यांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि बिरू गेला. तेव्हापासून आगार धुळाच्या गळ्यात होतं.

चालवायला धुळासारखा गडी ग्रुपात नव्हता. तीन वर्षांत त्याच्या बसला एक ओरखडा नव्हता.

आणि हणबरमामा? एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. खऱ्या स्टिअरिंगला कधी हात लावला नाही आणि खेळातल्या स्टिअरिंगने त्यांना कधी दाद दिली नाही. दोनदा दरीत गेले होते. तरी नवं कुणी आलं, की पहिला प्रश्न मामांनाच विचारायचं. हे धुळाला सलत होतं.

“तुम्हाला साधं फाटक वलांडता येत न्हाई,” तो म्हणाला.

“न्हाई येत.”

“परवा तुम्ही घाटाखालच्या हॉटेलात घुसला. बस घेऊन.”

“च्या प्यायची हुती.”

धुळाला हसू फुटलं. ते त्याने दाबलं. हसायला आला नव्हता तो.

मामांनी बस बंद केली. मोबाईल पालथा ठेवला.

“दहावं कोण गेलं?”

“आँ?”

“नऊजणांसाठी तू वीस किलोमीटर टेंपो हाणत यायचा न्हाईस. दहावं कोण?”

“वहिनी.”

मग धुळाने सगळं सांगितलं.

पंधरा दिवसांपूर्वी वहिनीने बिरूचा मोबाईल चार्जिंगला लावला होता. आगारात आली, बिरूची लाल बस बाहेर काढली. “उभी राहिली की गंजती,” एवढंच म्हणाली. खेळातली बस गंजत नाही, हे तिला सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

धुळा मात्र रोज माईकवर होताच. ब्रेक. ब्रेक दाबा. दुसऱ्या गिअरात घ्या. आता डावीकडं. डावीकडं, वहिनी! ही तुमची डावी व्हय? पहिल्या वळणापासून सातव्या वळणापर्यंत त्याने श्वास घेतला नव्हता. आणि परवा सातव्या वळणाला लाल बस कठड्याला घासली आणि हा ओरडला, “दादाची गाडी हाय ती!”

तीस जणांनी ऐकलं.

“मग तुम्हीच बसा तिला मिठी मारून,” वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. माईक बंद झाला, नाव यादीतून गेलं.

“आज तिसरा दिवस,” धुळा म्हणाला. “ताटात भाकरी पडतीया. बोलत न्हाई. घरात आम्ही तिघंच, मामा. आई, ती आन् मी. आई आधीच मुकी झाल्यागत. आता हीबी.”

त्याने नाक पुसलं.

“मी चुकीचं काय सांगितलं? एक शब्द चुकीचा असंल तर दावा.”

“एकबी न्हाई.”

“मग?”

मामांनी तांब्या उचलला, वरून चार घोट घेतले, मिशा पुसल्या.

“टेंपो कुठं लावलास?”

“बोळात.”

“भाईर काढ. पाण्याचा टँकर यायचाय.”

धुळा बघतच राहिला. एवढ्या लांबून माणूस काळीज घेऊन येतो आणि त्याला गाडी काढायला सांगतात! पण मामा उठलेसुद्धा होते. धोतरावरचा पालापाचोळा झटकत ते बोळाच्या तोंडाकडे निघाले.

बोळ होता टेंपोएवढाच. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला कोंबड्यांचं खुराडं, आणि शेवटी बोळ जिथे रस्त्याला वळतो, तिथे समोरच्या घराची दगडी भिंत. आत येताना सरळ आला होता. बाहेर मात्र मागे मागेच जायचं.

टेंपो बिरूचा. बिरू ताडमाड, धुळा त्याच्या खांद्याला लागायचा. सीट अजून बिरूच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेलं होतं. धुळा पाठीशी उशी घ्यायचा आणि बोटांच्या टोकांनी क्लच दाबायचा. आरसेही बिरूच्या नजरेला लावलेले. धुळाला त्यांत मागचा रस्ता दिसायचा नाही. लिंबाचा शेंडा दिसायचा, आणि वर आभाळ.

त्याने गाडी मागे घेतली. लिंबाचा शेंडा हलला… आभाळ हललं… आणि धाडकन काहीतरी उलटलं.

“कोण हाय रं त्यो!” घरातून मामी ओरडल्या. “भरल्यालं बॅरल हुतं माझं!”

पाणी बोळभर झालं. कोंबड्या खुराड्यावर चढल्या.

“टँकर यायच्या आधीच पाणी आलं की,” मामा म्हणाले.

ते खिडकीपाशी आले. त्यांनी सीटकडे पाहिलं. उशीकडे पाहिलं. आरशाकडे पाहिलं. मग धुळाच्या तोंडाकडे पाहिलं.

आता म्हणणार, धुळाला वाटलं. आरसा नीट कर की रं. गॅरेजवाला म्हणाला होता, दूधसंघाचा माणूस म्हणाला होता, पेट्रोल भरणारं पोरगंसुद्धा म्हणालं होतं. धुळाने उत्तर तयार ठेवलं. ‘ऱ्हाऊ द्या, आमचं आम्ही बघू.’

मामा काही म्हणाले नाहीत. खिडकीवरून बाजूला झाले आणि चिखल तुडवत गाडीच्या मागे गेले.

धुळाने मान बाहेर काढली. मामा दगडी भिंतीला पाठ लावून उभे होते. समोर टेंपोचं बूड.

“मामा, सरा तिथनं! बाजूला उभं ऱ्हावा!”

“बाजूनं दिसत न्हाई.”

“माझा पाय क्लचला नीट पोचत न्हाई. चुकलो तर चेंगरशिला!”

“तर मग सावकाश ये.”

आता काय करणार? धुळाने आरशात बघायचं सोडलं. तिथे होतं काय बघण्यासारखं? त्याने कान मागे लावले.

“येऊ दे,” मागून आवाज आला.

चाक हललं.

“येऊ दे… येऊ दे…”

ना डावीकडे, ना उजवीकडे, ना अरे, ना तुरे. दोनच शब्द, एकाच सुरात, एकतीस वर्षं घासून गुळगुळीत झालेले. धुळाच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात इतक्या जपून त्याने गाडी चालवली नव्हती. खेळातसुद्धा नाही.

“येऊ दे…”

पत्र्यावर एक थाप पडली.

धुळाने ब्रेक दाबला. उडी मारून मागे गेला. मामांची छाती आणि टेंपोचं बूड यांच्यामध्ये वीतभर जागा होती. मामा त्या वीतभर जागेत तंबाखू मळत होते.

“आता पुढं घे थोडी, वळव, आन् लाव त्या लिंबाखाली,” मामा म्हणाले, आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या. एस.टी.त एकदा घंटी म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल.

टेंपो लिंबाखाली लागला. दोघं पुढच्या सीटवर बसले. मामांनी मोबाईल काढला, पण चालू केला नाही. मघापासून धुळाच्या तोंडात तयार ठेवलेलं उत्तर तसंच पडून होतं. त्याचं करायचं काय, हे त्याला कळेना.

“मामा, तुम्ही आरसा नीट कर असं का म्हणाला न्हाईसा?”

“तुला ठावं नव्हतं?”

“…हुतं.”

“मग?”

कोंबड्या खुराड्यावरून एकेक करून खाली उतरत होत्या.

“गाडी दादाची हाय, हे तुझ्या वहिनीला ठावं नव्हतं?”

धुळाने उशी पाठीमागून काढली. मांडीवर घेतली. बराच वेळ तिचा कोपरा पिरगाळत राहिला.

“मग तिला ठावं काय नव्हतं, मामा?”

“ते मला काय इचारतोस? म्या गाडी चालवलीया का कधी?”

मामांनी मोबाईल चालू केला. पाचला दहा मिनिटं होती. आगारात पोरं जमू लागली होती. कुणी हॉर्न वाजवत होतं, कुणी वडापाव म्हणून ओरडत होतं. धुळानेही आपला मोबाईल काढला. आणि यादीत नाव पाहून त्याचा अंगठा जागीच थांबला.

“वहिनी आल्यात!”

“म्या बोलावली. सकाळीच फोन केला.”

“तुम्ही? काय सांगितलंसा तिला?”

“सांगतोय काय? इचारलं. फाटकातनं गाडी कशी काढायची, जरा दाव म्हटलं. पहिल्याच दिशी खांबाला न लावता काढली हुती तिनं.”

“तुम्ही तिला इचारलं?”

“मला येत न्हाई ते तिला येतंय. तुला इचारलं असतं, पर तू लगीच सांगितलं असतंस.”

धुळा तोंड उघडून तसाच राहिला. मग त्याने ते मिटलं.

स्टँडात बसगाड्या फलाटाला तोंड लावून उभ्या असतात, खऱ्याही आणि खेळातल्याही. निघायचं तर आधी मागे यावं लागतं. बिरूची लाल बस सहा नंबरच्या फलाटाला उभी होती. तिच्या मागे, थोड्या अंतरावर, स्टँडची भिंत. बस हातभर मागे यायची, थांबायची. पुन्हा पुढे जायची. पुन्हा हातभर मागे.

माईकवर सगळी गप्प झाली. धुळा आहे, आता सुरू होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

धुळाने माईक चालू केला. बंद केला.

मग त्याने आपली बस बाहेर काढली, तीन वर्षांत ओरखडा नसलेली. चकचकीत पिवळी बस फलाटांना वळसा घालून आली आणि लाल बस आणि भिंत यांच्यामध्ये आडवी उभी राहिली.

“आरं, ह्यो काय करतोय?” कुणीतरी म्हणालं.

धुळाने माईक पुन्हा चालू केला.

“येऊ द्या, वहिनी.”

लाल बस हलली नाही.

“येऊ द्या…”

हलली. सावकाश, अंग चोरत, मागे येऊ लागली.

“येऊ द्या… येऊ द्या… बस!”

पण माणदेशातली रेंज ती. ‘बस’ पोचायला एक क्षण उशीर झाला.

खण्ण!

पिवळ्या बसचं दार आत गेलं.

…

तीस माईक, आणि एकातूनही आवाज नाही. धुळा त्या चेपलेल्या दाराकडे बघत होता. तीन वर्षं.

“भावजी,” वहिनीचा आवाज आला. तीन दिवसांनी. “लागलं का हो?”

“लागलं,” धुळा म्हणाला. मग कुठून आलं कोण जाणे, पोटातून हसूच उसळलं. “लागलं की, वहिनी! दार गेलं माझं! आता पाशिंजरं खिडकीतनं चढवतो!”

मग काय, तीसही माईक एकदम फुटले. कुणी टण्ण टण्ण घंटी वाजवली. कुणी पुढच्या दाराने चढा म्हणून ओरडलं. वहिनीही हसत होती. ते हसू घरात चार महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. हसता हसता तिचा आवाज मध्येच ओला झाला आणि पुन्हा सावरला. धुळाला ते कळलं, कारण त्याचंही तेच झालं होतं.

“मग सरा की आता बाजूला,” ती म्हणाली. “मला अजून मागं यायचंय. वळतच न्हाई हितनं.”

धुळाने डोळे पुसले. अंगठा स्टिअरिंगवर नेला. थोडी पुढे घेतली असती, तर पिवळी बस वाचली असती; लाल बसच्या मागे मग नुसती भिंत उरली असती. त्याने शेजारी पाहिलं.

हणबरमामा स्वतःच्या मोबाईलमध्ये डोकं घालून होते. त्यांची बस फाटकाच्या खांबात पुन्हा अडकली होती. मान वर न करता ते म्हणाले,

“हलू नकोस. अजून यायचीय ती.”