मोथाईचं अंगण

फार वर्षांपूर्वी ओहळवाडीला एकच विहीर होती, तेव्हाची ही कथा. विहिरीच्या जरा वर, उतारावर, भागाई नावाची एकटी बाई राही. साऱ्या आळीचं सांडपाणी तिच्या अंगणातून विहिरीकडे वाहे. तिने तक्रार केली नाही. ओढ्याकाठचा नागरमोथा आणून तिने त्या ओलीत लावला, पोरासारखा वाढवला. गढूळ येणारं पाणी त्या मोथ्यातून निघताना निवळशंख होई, असं म्हणतात.

देवळाचे पुजारी तात्या येता-जाता टोमणा मारीत, "भागाई, लोकांच्या दारी तुळस, तुझ्या दारी गवत!"

"तुळशीला वृंदावन आहे, तात्या. घाणीत उभं राहायलाही कुणी हवं ना?"

एका वर्षी देवाची नवी मूर्ती बसायची होती. स्नानाला सुगंधी उटणं हवं, आणि मोथ्याचे कंद सुगंधी. गाव कुदळी घेऊन अंगणात उतरलं. भागाईने पदर पसरला.

"निम्मे कंद न्या, बाबांनो. निम्मे राहू द्या. हे पाणी तुम्हालाच प्यायचं आहे."

"देवाशी वाटणी करतेस?" तात्या म्हणाले.

जन्मभर ज्या देवापुढे हात पसरले, त्याला नाही कसं म्हणावं? ती बाजूला झाली. एकही कंद मागे उरला नाही.

देव घमघमला. महिन्याभरात विहीर नासली आणि गावात पटकी शिरली. तात्यांच्या घरची दोन माणसं गेली. आता तेच लोक म्हणू लागले, "भागाईने मनातून दिलं नाही, म्हणून देव कोपला."

ओढ्यावरून एक कंद आणून भागाईने उघड्या अंगणात रोवला आणि शेजारी बसली. "पांडुरंगा, सुगंध तुला पोचला. आता यांना पाणी दे."

तिसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. पुरुषभर उंच मोथा डोलत होता आणि विहिरीत आकाश दिसत होतं, असं म्हणतात.

तेव्हापासून ती मोथाई झाली. दर श्रावणात गाव तिच्या अंगणी जमतं, बाजारातून आणलेल्या मोथ्याच्या पुडीचा लेप तिच्या नावाने मांडलेल्या पाषाणाला लावतं, "आई, पाणी राख" म्हणून हात जोडतं. भाविकांचे पाय चिखलाने भरू नयेत म्हणून अंगणभर फरशी घातली आहे. त्या फरशीवरून सांडपाणी सरळ विहिरीत उतरतं.