बाबांच्या ट्यूबचं घड्याळ

"...पण किती दिवस टिकेल, तेवढं सांगा ना अण्णा."

शर्वरीने हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णा उपाध्ये आपल्या घरी चष्मा पुसत बसले होते. सांगलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मीटर आणि विजेच्या लहरी काचेवर दाखवणारे ऑसिलोस्कोप दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. शर्वरीचे वडील, दिनकर, तिथं त्यांच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसत.

समोर तिने स्वतः बनवलेलं घड्याळ होतं. भंगारात निघालेल्या ऑसिलोस्कोपची बशीएवढी गोल ट्यूब वडिलांनी पंचवीस वर्षं कपाटात जपली होती. तिच्यावर आता हिरव्या रेघांनी आकडे उमटत. रिक्षातून येताना शर्वरीने घड्याळ दुलईत गुंडाळून मांडीवर आणलं होतं.

"सर्किट माझं आहे. त्यात चूक नाही."

"मी कुठं म्हणलो?"

"काळजी ट्यूबची आहे. अशी दुसरी मिळत नाही. ती गेली तर..."

ती थांबली. वडील चार महिने अंथरुणावर होते, डावी बाजू लुळी पडलेली. ट्यूब गेली की बाबाही जातील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. इंजिनियर बाईने असलं काही बोलायचं कसं, म्हणून ती बोलत नव्हती. पण धास्ती होती, आणि ती सुखाने जेवू देत नव्हती.

"दिनकर काय म्हणतो?"

"म्हणतात, डावा हात आता कायमचा खिशात."

अण्णा हसले, आणि मग पुन्हा चष्मा पुसू लागले. उघड्या यंत्राला एकाच हाताने शिवायचं, दुसरा खिशात ठेवायचा, नाहीतर करंट छातीतून जातो, हा त्या दोघांचा नियम होता.

"अजून काय म्हणतो?"

"दिवसभर विचारतात, किती वाजले. मी घड्याळ चालू करते, ते बघतात, मी लगेच बंद करते. तेवढीच ट्यूब वाचते. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा विचारतात."

"दिवसातनं किती वेळा होतं असं?"

"चाळीस... पन्नास."

अण्णांनी चष्मा लावला.

"बल्ब कधी उडतो गं? जळत असताना, का बटण दाबताना?"

शर्वरीने तोंडावर हात धरला. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला ठाऊक होतं आणि तरी ती रोज पन्नासदा बटण दाबत होती.

"म्हणजे मीच..."

अण्णांनी बटण दाबलं. त्यांचा डावा हात सवयीने खिशात गेला होता. ट्यूबच्या मानेत तांबूस तार पेटली, आणि हळूहळू पुढच्या काचेवर आकडे उमटले.

"आता बस बघत."

आतून चहा आला आणि निवून गेला. शर्वरी जागची हलली नाही. तार जरा थरथरल्यासारखी वाटली की ती पुढे वाकायची. अर्धा तास असाच गेला.

"किती वाजले?" अण्णांनी विचारलं.

ती दचकली. ती यंत्राच्या मागच्या बाजूला बसली होती. सगळा वेळ ती त्या तारेकडेच बघत होती, आणि आकडे पलीकडे होते.

"थांबा, बघते..."

"ऱ्हाऊ दे."

अण्णांनी टेबलाखालून एक पुठ्ठा काढला आणि मागची बाजू झाकून टाकली. तार दिसेनाशी झाली.

"दिनकरच्या पायथ्याशी ठेव, त्याला पडल्या पडल्या दिसंल असं. अन् बंद करू नको."

"आणि गेली तर?" तिने पुठ्ठ्यावर हात ठेवला. "अण्णा, गेली तर?"

अण्णांनी दुलईची घडी घालून तिच्या हातात दिली.

"जायची तेव्हा जाईल. तोवर तू त्याच्या शेजारी बस," ते म्हणाले. "अन् आता तूच विचार त्याला, किती वाजले."