झेंडीची चव

अमेरिकेतल्या मिलब्रुक गावात निवडणूक आली की सख्खे शेजारीसुद्धा एकमेकांचा पक्ष पाहून बोलत. यंदा तर गावजेवणाची टेबलंही वेगळी मांडायची टूम निघाली, लाल पक्षवाल्यांची इकडे आणि निळ्या पक्षवाल्यांची तिकडे. टूम काढली निळ्यांचे उमेदवार प्रुएटसाहेबांनी. इतकी वर्षं सगळ्यांना एका पंगतीत वाढणाऱ्या इंदुमती पेंढारकरांच्या हे काही पचनी पडेना.

"एकत्र जेवलं तर बिघडतं काय?" गावजेवणाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"लालवाल्यांच्या हातचं मी एका घासात ओळखतो, मॅडम," प्रुएट छाती फुगवून म्हणाले. "घशाखाली उतरतच नाही!"

इंदुताई आत गेल्या आणि ॲपल पायचे दोन तुकडे घेऊन आल्या. एकावर निळी झेंडी खोचलेली, दुसऱ्यावर लाल. निळा तुकडा खाताना साहेबांचे डोळे मिटले. "वा! आईची आठवण झाली!" लाल झेंडीचा घास मात्र त्यांनी रुमालात थुंकला. "शी! करपट, वर खारट!"

इंदुताईंनी उरलेला ॲपल पाय समोर ठेवला. दोन तुकड्यांच्या रिकाम्या जागा शेजारीशेजारीच होत्या. "दोन्ही यातलेच, साहेब. सकाळी मीच केलाय."

लाल-निळे सगळे खो खो हसत सुटले. हसताहसता कुणीतरी टेबलंही जोडून टाकली.

"ते राहू द्या!" प्रुएट चिडून म्हणाले. "तुमचं मत कुणाला, ते सांगा!"

"तुम्हा दोन्ही उमेदवारांचं बोलणं अजून चाखायचंय," इंदुताई म्हणाल्या. "तेवढी झेंडी काढून वाढा, मग चव सांगते."