शेठनी व्हॉल्व्हला हात लावला

वसईची फिलोमिना तुस्कानो लग्नाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. तिला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर हवा होता, आणि तोही उघड्या वाडीत ट्रम्पेट-ड्रमपुढे दबणार नाही एवढ्या ताकदीचा. दुकानदार जगदीशशेठनी सकाळपासून चालू असलेला एक खोका तिच्यापुढे केला.

"अस्सल व्हॉल्व्ह, तीनशे वॅट. बायकांना वॅटमधलं काय कळतंय, माझ्या शब्दावर घेऊन जा."

जाळीमागे काचेचे व्हॉल्व्ह लालबुंद दिसत होते. पण एवढं पेटलेलं असून जवळ उभं राहिल्यावर जराही धग लागत नाही, हे फिलोमिनाला खटकलं. चेहरा मात्र तिने भाबडा ठेवला.

"शेठ, मांडवात लहान पोरं असतात. कुणी आत हात घातला तर?"

"काही होत नाही हो," म्हणत शेठनी जाळी काढली आणि एक व्हॉल्व्ह खुशाल मुठीत धरून दाखवला.

"सकाळपासून तापलेला खरा व्हॉल्व्ह असता," फिलोमिना म्हणाली, "तर तुम्ही आत्ता नळाखाली हात धरून उभे असता. हे शोभेचे दिवे आहेत. आता खरा अँप्लिफायर काढा. आणि त्यालाही हात तुम्हीच लावायचा."